संगणकाचा जीर्णोद्धार

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीच्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या. पुढच्याच आठवड्यात दिवाळी आली. मंदिरांत निर्वाणलाडू अर्पण झाले, वीरनिर्वाण संवत २५५२ लागले, पेढ्यांवर वहीपूजन झाले. हल्ली खरी वही संगणकातच असते; त्यामुळे लाल चोपडीबरोबर संगणकालाही हळदकुंकू लागते. ज्या यंत्राची अशी पूजा झाली, त्याच्या कुलपाची देखभाल आठवड्यापूर्वीच संपली आहे, याची जाणीव मात्र अनेक घरांत नव्हती.

विंडोज १० त्या दिवशी बंद पडली नाही. संगणक पूर्वीसारखाच सुरू होतो, बिले निघतात, विवरणपत्रे भरली जातात. फरक इतकाच की, यापुढे त्या प्रणालीत एखादी नवी फट सापडली तर ती आपोआप बुजवली जाणार नाही. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात आणि ज्यात शेकडो ग्राहकांची उधारीची खाती आहेत, त्याच्या बाबतीत हा फरक लहान नाही.

बार्शीटाकळी हे अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. कापूस, सोयाबीन आणि तूर यांच्या हंगामावर इथली बाजारपेठ चालते. कृषी केंद्र असो, किराणा असो वा कापडाचे दुकान, गल्ल्याशेजारी एक डेस्कटॉप संगणक असतोच, आणि तो बहुधा सात-आठ वर्षांपूर्वी अकोल्याहून जुळवून आणलेला असतो. तो मंदावला, किंवा ‘हा संगणक विंडोज ११ साठी पात्र नाही’ असा संदेश पडद्यावर आला, की घरात दोन मते होतात. एक म्हणते, सगळाच नवा घ्या. दुसरे म्हणते, चालतोय तोवर हात लावू नका. या दोन्हींच्या मधला मार्ग म्हणजे जेवढे जीर्ण झाले तेवढेच बदलणे. समाजाला जीर्णोद्धाराची कल्पना शिकवावी लागत नाही. तीच दृष्टी इथे उपयोगी पडते.

मुख्य भाग बदलण्याचे प्रत्यक्ष काम जाणकार माणसाच्या हातून काही तासांत होते. अवघड असते ते आपल्या यंत्रात काय आहे हे ओळखणे, आणि नेमका प्रश्न घेऊन मदतीला जाणे. चुकीचा भाग आणला तर अकोल्याची आणखी एक फेरी होते आणि ऐन हंगामात दुकानाचे काम अडते.

आधी प्रत, मग पेचकस

मंदिराचा जीर्णोद्धार काढताना पहिला दगड हलवण्यापूर्वी प्रतिमा विधिपूर्वक सुरक्षित स्थानी नेली जाते. संगणकाची झाकणपट्टी उघडण्यापूर्वी हिशेबाची प्रत बाहेर काढणे, हा क्रम तसाच अटळ आहे. यंत्र बाजारात पुन्हा मिळते; पाच वर्षांची खाती मिळत नाहीत. वस्तू व सेवा कर कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या नियत तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावे लागतात. ‘संगणक दुरुस्तीत गेला’ हे उत्तर त्या वेळी उपयोगी पडत नाही.

प्रती किमान दोन असाव्यात : एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी दुकानाच्या वास्तूबाहेर, म्हणजे घरी किंवा ऑनलाइन साठवणीत. टॅलीसारख्या कार्यक्रमातून घेतलेल्या बॅकअपबरोबर त्याचे मूळ डेटा फोल्डरही घ्यावे. बिलांच्या पीडीएफ, ग्राहकांची यादी, कौटुंबिक छायाचित्रे आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड यांची वेगळी आठवण ठेवावी, कारण विसर पडतो तो याच गोष्टींचा. शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची पायरी म्हणजे ती प्रत दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहणे. न उघडलेली प्रत म्हणजे न वटवलेला धनादेश. रक्कम हाती आली असे समजू नये.

दुखणे नेमके कुठे आहे?

मंद संगणकाचा दोष लोक सवयीने प्रोसेसरला देतात. प्रत्यक्षात जुन्या डेस्कटॉपमध्ये बहुधा फिरती हार्ड डिस्क हेच अडथळ्याचे ठिकाण असते. तिच्यात धातूची किंवा काचेची तबकडी फिरते आणि एक सुई माहिती शोधत हिंडते. अशी डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० मेगाबाइट माहिती वाचते. साटा जोडणीची एसएसडी सुमारे ५५० मेगाबाइट वाचते. हजारो लहान फायली विखुरलेल्या असतात तेव्हा तर हा फरक कितीतरी पटींनी वाढतो, कारण एसएसडीला तबकडी फिरण्याची वाट पाहावी लागत नाही. म्हणून एसएसडी हा बहुतेक वेळा सर्वांत कमी खर्चात सर्वाधिक फरक दाखवणारा बदल ठरतो.

दुसरा क्रम रॅमचा. संगणकावर नेहमीची सर्व कामे एकाच वेळी उघडावीत आणि टास्क मॅनेजरमधील मेमरीचा आकडा पाहावा. तो सतत ८५-९० टक्क्यांवर राहत असेल, तर रॅम अपुरी आहे. विंडोज ११ ची किमान अट ४ गीगाबाइटची आहे. पण हिशेब, ब्राउझर आणि एक्सेल एकत्र चालवायचे तर ८ गीगाबाइट हवी, आणि पुढील पाच-सहा वर्षांचा विचार असेल तर १६ बरी.

तिसरे कारण पैसे न लागणारे आहे. वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि जिनिंगच्या दिवसांत कापसाची तूस हवेत असते. ती पंख्यावर आणि जाळीवर बसली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती आपणच कमी करतो. कॅबिनेट साफ करून प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट बदलली, एवढ्यानेही कित्येकदा भागते.

वीजपुरवठा करणारा एसएमपीएस हा चौथा भाग, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. चढत्या-उतरत्या दाबात स्वस्त एसएमपीएस आधी जातो आणि जाताना बोर्डालाही सोबत नेऊ शकतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या कार्यालयीन संगणकाला चांगल्या प्रतीचा ४०० ते ४५० वॅटचा एसएमपीएस पुरतो. पेटीवरील मोठ्या आकड्यापेक्षा कंपनीची हमी पाहावी. नवे भाग बसवण्यापूर्वी दुकानातील अर्थिंग वीजतंत्र्याकडून तपासून घ्यावे.

गेज बदलले की डबेही बदलतात

एसएसडी आणि रॅम बदलणे हे डागडुजीचे काम. मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदलणे हे पाया काढण्याचे काम. बार्शीटाकळीचे स्थानक ज्या अकोला-पूर्णा मार्गावर आहे, तो पूर्वी मीटरगेज होता. २००८ मध्ये तो ब्रॉडगेज झाला. रूळ रुंद झाले तेव्हा जुने इंजिन आणि जुने डबे कितीही ठणठणीत असले तरी त्या रुळांवर चालणे शक्य नव्हते. संगणकातही बोर्ड हे रूळ आहेत. प्रोसेसर आणि रॅम त्या गेजचेच लागतात.

रॅमच्या डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या पिढ्यांची खाच वेगवेगळ्या ठिकाणी असते. एकीची पट्टी दुसरीच्या जागेत बसत नाही. प्रोसेसरच्या बैठकीला सॉकेट म्हणतात. इंटेलच्या चौथ्या पिढीसाठी एलजीए ११५०, सहाव्या ते नवव्या पिढीसाठी एलजीए ११५१, दहाव्या-अकराव्यासाठी एलजीए १२०० आणि बाराव्या ते चौदाव्या पिढीसाठी एलजीए १७०० अशी ही मांडणी आहे. एएमडीचे एएम४ सॉकेट बराच काळ टिकले. त्यानंतरच्या एएम५ वर फक्त डीडीआर५ रॅम चालते.

दोन सापळे विशेष लक्षात ठेवावेत. पहिला : सहावी-सातवी पिढी आणि आठवी-नववी पिढी यांचे सॉकेट नावाने एकच असले तरी सातव्या पिढीच्या बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही. भोके जुळतात, संगणक सुरू होत नाही. दुसरा : इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाच्या शेवटी ‘एफ’ असते, त्यांत चित्र दाखवण्याची अंगभूत सोय नसते. तो थोडा स्वस्त पडतो म्हणून घेतला, तर वेगळे ग्राफिक्स कार्ड घेईपर्यंत पडदा काळाच राहतो.

तयार ब्रँडेड संगणकांबाबत आणखी एक पथ्य आहे. त्यांपैकी अनेकांचे बोर्ड आणि एसएमपीएस कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात. बाजारातले भाग त्यांत बसतीलच असे नाही. अशा यंत्रात एसएसडी आणि रॅम यांपलीकडे जाण्यापूर्वी दोनदा विचारावे.

एका घरातील तीन संगणक

नमुन्यादाखल एक घर कल्पावे. दुकानात २०१७ चा सातव्या पिढीचा आय-३ संगणक आहे. घरी मुलांच्या अभ्यासासाठी २०१९ चा नवव्या पिढीचा आहे. गोदामात २०१४ चा चौथ्या पिढीचा, डीडीआर३ रॅमचा संगणक आहे. तिघांवर विंडोज १० आहे आणि तिघेही मंद आहेत. औषध मात्र तिघांना वेगवेगळे लागते.

घरच्या संगणकाला नवा बोर्ड लागत नाही. इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत आहेत. तरीही ‘पात्र नाही’ असा संदेश येत असेल, तर बहुधा टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय बायोसमध्ये बंद असते. इंटेलच्या बोर्डावर ती ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डावर ‘एफटीपीएम’ या नावाने आढळते. ती सुरू केली, डिस्कची मांडणी जुन्या पद्धतीची असल्यास बदलून घेतली, एसएसडी आणि रॅम वाढवली, की काम झाले. इथे नवा संगणक विकणारा खोटे बोलतोच असे नाही, पण विचारणाऱ्यालाच माहीत नसेल तर सांगण्याची निकड त्याला वाटत नाही.

दुकानच्या संगणकाची गोष्ट वेगळी. एसएसडी आणि रॅम घातल्याने तो वेगवान होईल, पण विंडोज ११ साठी अधिकृत होणार नाही. वैयक्तिक वापरकर्त्यांना विंडोज १० च्या सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत नोंदणीची मुदत देण्यात आली. व्यावसायिक वापरासाठी ती सशुल्क व्यवस्था वेगळी आहे. कायमचा उपाय म्हणजे बोर्ड आणि प्रोसेसर यांची जोडी बदलणे. जुनी रॅम डीडीआर४ असेल तर डीडीआर४ घेणारा बोर्ड निवडून ती वाचवता येते. बाराव्या ते चौदाव्या पिढीचे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत आले आहेत. आधी घेतलेली एसएसडीही नव्या बोर्डावर तशीच चालते. कॅबिनेट, पडदा, कळफलक राहतात.

गोदामच्या संगणकावर मात्र खर्च करू नये. त्याची रॅम पुढे कुठेच उपयोगी पडणार नाही. इंटरनेटपासून तोडून मालाची नोंद ठेवण्यापुरता तो वापरावा, किंवा उबंटूसारखी मोफत मुक्त प्रणाली घालून त्याला निवृत्तीनंतरचे हलके काम द्यावे.

खरेदीची वेळही पाहावी. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढल्याने रॅमचे भाव जगभर चढले. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ या नावाने किरकोळ ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या रॅम आणि एसएसडीचा व्यवसाय आवरता घेत असल्याचे जाहीर केले. तूर-सोयाबीनचे चढउतार जाणणाऱ्याला यातला अर्थ सांगावा लागत नाही : हाती असलेली चालू रॅम निकामी समजून टाकू नये.

मदत मागण्याची रीत

हल्ली मदतनीस बहुधा घरचाच असतो. पुण्यात किंवा बंगळुरूत नोकरीला असलेला मुलगा, पुतण्या किंवा भाची. त्यांना ‘कॉम्प्युटर फार स्लो झालाय’ एवढेच कळवले तर ते काय सांगणार? वैद्याला नाडी दाखवावी लागते. पुढील गोष्टी एका कागदावर लिहून त्यांची छायाचित्रे पाठवावीत : प्रोसेसरचे पूर्ण नाव, बोर्डाचा क्रमांक, रॅम किती आणि कोणत्या पिढीची, डिस्कचा प्रकार, एसएमपीएसवरील लेबल, पडद्याची आणि प्रिंटरची जोडणी. पहिल्या चारांपैकी बहुतेक माहिती विंडोजमधील ‘सिस्टम इन्फर्मेशन’ आणि टास्क मॅनेजर यांत मिळते. प्रिंटरचा उल्लेख मुद्दाम केला आहे. जुने डॉट मॅट्रिक्स प्रिंटर ज्या रुंद पॅरलल पोर्टला लागतात, तो नव्या बोर्डांवर सहसा नसतो. संगणक नवा झाला आणि बिल छापता येईना, अशी वेळ त्यामुळे येते.

प्रत्यक्ष काम गावातल्या किंवा अकोल्याच्या तंत्रज्ञाकडूनच होणार. त्याला काम सोपवताना आधी विचारावे : कोणता भाग बदलायचा आणि का? तो माझ्या बोर्डाला जुळतो हे कशावरून? माहितीची प्रत कोण घेणार? काढलेले भाग परत मिळतील का? मजुरी किती? मजुरीचे पैसे वेगळे आणि मोकळ्या मनाने द्यावेत. सल्ल्याचे मोल दिले नाही, की ते भागांच्या किमतीत मिसळले जाते आणि मग सल्लाच महाग भागांकडे झुकतो. प्रत्येक भागाचे अनुक्रमांकासह पक्के बिल घ्यावे. त्याशिवाय हमी टिकत नाही आणि नोंदणीकृत व्यापाऱ्याला कराची वजावटही मिळत नाही.

संगणक दुरुस्तीला देताना बँकेचे पासवर्ड कागदावर लिहून देऊ नयेत आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन त्यात लावून ठेवू नये. ‘तुमच्या विंडोजमध्ये दोष आढळला आहे’ असे सांगणारा अनोळखी फोन आला, तर त्याच्या सांगण्यावरून संगणकाचा ताबा देणारे कोणतेही ॲप उघडू नये. फसवणूक झालीच, तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे.

परवाना आणि अचौर्य

मदरबोर्ड बदलला की विंडोजच्या दृष्टीने तो नवा संगणक होतो. तयार यंत्राबरोबर आलेला परवाना बहुधा त्या बोर्डापुरताच असतो. सुट्या खरेदीचा परवाना नव्या बोर्डावर नेता येतो. टॅलीचा परवानाही यंत्राशी बांधलेला असल्याने भाग बदलण्यापूर्वी तो जुन्या यंत्रावरून परत करावा आणि नंतर पुन्हा सक्रिय करावा. हे विसरले तर कार्यक्रम शैक्षणिक प्रकारात उघडतो आणि काम अडते.

याच टप्प्यावर कोणीतरी सोपा मार्ग सुचवतो : ‘क्रॅक टाकून देतो, शंभर-दोनशे द्या.’ अशा प्रतींबरोबर हानिकारक कार्यक्रम आत शिरण्याचा धोका असतो, हा व्यवहाराचा मुद्दा झाला. त्याहून साधा मुद्दा असा की, दुसऱ्याच्या मालकीची वस्तू मोबदला न देता वापरणे हे अचौर्य अणुव्रतात बसत नाही. मापात चोख राहणाऱ्या पेढीने या मापातही चोख राहावे. खर्च झेपत नसेल तर लिब्रेऑफिससारखे खरोखरच मोफत कार्यक्रम उपलब्ध आहेत.

काढलेल्या भागांचे काय?

जुनी हार्ड डिस्क कोणालाही देऊ नये. फाइल पुसली तरी माहिती पूर्ण जात नाही. ती कुटुंबाची आणि ग्राहकांची ठेव आहे. काही महिने ती तशीच जपून ठेवावी, नंतर जाणकाराकडून पूर्ण पुसून घ्यावी. चालू स्थितीतील रॅम किंवा बोर्ड एखाद्या शाळेच्या किंवा विद्यार्थ्याच्या कामी येऊ शकतो. जे खरोखर निकामी झाले, ते भंगारात घालू नये. तारा जाळून तांबे काढले जाते तेव्हा निघणारा धूर आणि बोर्डातील शिसे माणसांबरोबर माती-पाण्यातील असंख्य जीवांनाही बाधतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा माल नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच जायला हवा. जयणा फक्त पाणी गाळण्यापुरती नाही.

ज्ञानपंचमीचा नेम

आगम मुखोद्गत होते तोवर स्मरण हाच त्यांचा आधार होता. दुष्काळांनी स्मरणात खंड पडू लागला, तेव्हा श्वेतांबर परंपरेनुसार देवर्धिगणी क्षमाश्रमण यांच्या नेतृत्वाखाली वलभी येथे ते लिपिबद्ध झाले. दिगंबर परंपरेतील षट्खंडागमाची धवला टीका मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर शतकानुशतके टिकली. त्या ताडपत्रांच्या प्रती झाल्या म्हणून ती बाहेर आली, आणि १९३९ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली तिचा पहिला खंड आपल्या वऱ्हाडातील अमरावतीहून प्रसिद्ध झाला. ग्रंथ टिकले ते वेळेवर प्रत करणाऱ्यांमुळे.

दिवाळीनंतर पाचव्या दिवशी येणाऱ्या ज्ञानपंचमीला आणि ज्येष्ठातील श्रुतपंचमीला ग्रंथभांडारांतील पोथ्या बाहेर काढून, झटकून, नव्या वेष्टनात बांधण्याची प्रथा आहे. पावसाळ्यातील ओल आणि कीड यांपासून पोथ्या वाचवण्याचा व्यवहारही त्यात सामावलेला आहे. हिशेबाची वही आणि शास्त्र यांची बरोबरी नाही. पण जपणुकीची रीत एकच आहे. वर्षातून या दोन दिवशी संगणकाची धूळ काढावी, ताजी प्रत घ्यावी, ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी आणि आतील भागांची यादी दिनांकासह वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावी. ती यादी हाताशी असली, की पुढच्या वेळी मदत मागणारा आणि मदत करणारा एकाच भाषेत बोलतील.